लल्ला बतूलचा मेणा

कुस्कुसचं थाळं टेबलावर आलं आणि कल्तूमने सगळ्यांचे काटे गोळा करून पाण्याच्या जगमध्ये उभे केले.

"अल्लाने बोटं कशाला दिली आहेत?"

"खाल्ती, लोक बघताहेत," बुश्रा दबक्या आवाजात मावशीला म्हणाली.

"बघू देत की! तिकीट काढून आपलं फेस शहर बघायलाच आलेत ना? मग जरा खरं फेस बघू देत."

फ्लोरिडातल्या त्या पार्कात तळ्याभोवती देशोदेशीच्या गल्ल्या उभ्या केल्या होत्या. मोरोक्कोच्या गल्लीच्या टोकाला हे हॉटेल. बुश्राचे वडील अल्लाल, सगळे मानाने सी अल्लाल म्हणत, इथे बावीस वर्षं चहा ओतत होते. डोक्यावर लाल टोपी, किटली खांद्याच्याही वर आणि धार बरोबर ग्लासात. चार महिने बारा दिवसांपूर्वी ते गेले. त्यांच्या जुन्या सोबत्यांनी आज घरच्यांना पास पाठवून जेवायला बोलावलं होतं. बुश्राच्या आईने, बतूलने, बावीस वर्षांत या पार्कात एकदाही पाऊल ठेवलं नव्हतं. "नकली फेस बघायला एवढ्या लांब कोण जाईल? खरं मला तोंडपाठ आहे," असं ती म्हणायची, आणि नवऱ्याचा डबा भरून द्यायची.

विधवेने पांढऱ्यात काढायचे चार महिने दहा दिवस रविवारी संपले. त्यासाठी तिची बहीण कल्तूम फेसहून हिरवा कफ्तान घेऊन आली होती. न्हाणं झालं, दानधर्म झाला, कफ्तान पलंगावर पसरला. बतूलने त्यावरून हात फिरवला, "छान आहे" म्हणाली आणि पुन्हा पांढरंच घातलं. पायघोळ पांढरा जेलाबा, पांढरा रुमाल, पांढरे मोजे, पांढऱ्या सपाता.

एवढं सोडलं तर ती कशालाच नाही म्हणत नव्हती, आणि बुश्राला घोर होता तो याचाच. कल्तूम म्हणाली, गुरुवारच्या विमानाने माझ्याबरोबर चल, कायमची. बतूल म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं." बुश्रा म्हणाली, माझ्याकडे राहायला ये, खोली रंगवून घेतली आहे. "तुम्ही म्हणाल तसं." आज मंगळवार होता. दोन बायका चादरीची घडी घालताना एक एक टोक धरून ओढतात, तसं त्या दोघींचं चाललं होतं. बतूल ती चादर.

बुश्राची नऊ वर्षांची दुन्या मांडी घालून खुर्चीत बसली होती आणि बराच वेळ आजीच्या छातीकडे बघत होती.

"मिमा, तुझ्या बिल्ल्यावर काय लिहिलंय, माहितीये?"

जेलाब्यावर फुलाफुलांचा एक मोठा बिल्ला होता. फाटकापाशी बुश्रा तिकिटांच्या यंत्राशी झटत होती तेव्हा तो कधी लागला, हे तिने पाहिलंच नव्हतं.

"दारातल्या मुलीने लावला," बतूल म्हणाली. "गोड होती पोर. मला मिठी मारली तिने. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. मला वाटलं, सांत्वनाचा असेल."

"त्यावर 'नवरी' लिहिलंय."

कल्तूमच्या बोटांतला घास तसाच राहिला. बुश्राने आईच्या पायापासून डोक्यापर्यंत नजर फिरवली. पांढरा रुमाल, पांढरे मोजे. इथल्या मुलीने एवढं पांढरं फक्त लग्नात पाहिलं असणार.

मग बतूलच्या नाकातून एक आवाज आला. झाकणाखालून वाफ निसटावी तसा. तिने ओठ आवळले. पुन्हा आवाज आला. खांदे हलायला लागले. बुश्राला आधी वाटलं की ती रडते आहे. पण आईने तोंडावर धरलेला हात काढला, आणि ती हसत होती, खालचा दात नसलेली जागा दिसेपर्यंत.

"बासष्टाव्या वर्षी!" ती कशीबशी म्हणाली. "कल्तूम, मला दारातच नवरा मिळाला असता, तू घाई केलीस आत यायची!"

"तौबा, तौबा! काढ ते आधी!"

"राहू दे. चांगलं दिसतंय."

चार महिन्यांत आईने 'राहू दे' म्हटल्याचं बुश्राला आठवत नव्हतं. तिने मुकाट्याने घास तोंडात टाकला. मोडायला नको, असं काहीतरी चालू झालं होतं.

तेवढ्यात ढोल वाजला. नाचणारी मुलगी कमरेला घुंगरं लावून पुढे आली. ती ब्राझीलची होती.

"फेसमध्ये हिला कोणत्या गल्लीत पाहिलंयस तू?" कल्तूमने बहिणीला विचारलं.

"गप्प बस, छान नाचतेय."

नाच संपल्यावर माईक घेतलेला एक गोरा तरुण मधोमध आला. "मंडळी, आज आपल्यामध्ये एक नवरी बसली आहे!" आणि त्याने हात केला थेट त्यांच्या टेबलाकडे. सगळं हॉटेल वळलं. टाळ्या पडल्या. कुणीतरी शिट्टी मारली.

चहा घेऊन येणारा जवाद जागच्या जागी थिजला. जवाद मोरोक्कोतल्या मेक्नेसचा, सी अल्लालच्या हाताखाली शिकलेला. पांढऱ्याचा अर्थ त्याला कुणी सांगायला नको होता. धावत येऊन तो अदबीने बतूलच्या खुर्चीशी वाकला.

"लल्ला, माफ करा. तो नवीन आहे, ओहायोचा. आत्ता थांबवतो त्याला."

"थांब रे. नवरीचं काय करता तुम्ही इथे?"

"तसं काही नाही… मेण्यात बसवून फिरवतो. लोक फोटो काढतात. पाच मिनिटांचं काम."

भिंतीशी तो चंदेरी मेणा ठेवलेला होता, लग्नात नवरीला खांद्यांवर मिरवायचा. बतूलने त्याच्याकडे पाहिलं, मग जवादकडे.

"बसवा मला."

"बतूल!" कल्तूम उभीच राहिली. "लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक? आपल्याला ओळखणारं इथे आहे कोण? घरच्या आपण, आणि मेणा उचलणारे हे चौघे. हे चौघे बोलणार नाहीत."

जवादने आणखी तिघांना खूण केली. चौघे आले आणि बुश्राने चटकन पाण्याचा ग्लास उचलला, कारण हात कुठेतरी ठेवायला हवे होते. वडिलांना कबरस्तानात नेताना पुढे हेच चौघे होते. त्याच खांद्यांवर आता तिची आई चढत होती, सपाता सावरत, "अरे हळू, मी बटाट्याचं पोतं आहे का?" म्हणत.

मेणा उठला आणि डावीकडे कलला. बतूलने दांड्याला मिठी मारली. एका टेबलावरच्या बाईने किंकाळी फोडली.

"थांबा!"

ती कल्तूम होती. चाळीस वर्षं तिने फेसमध्ये नवऱ्या सजवल्या होत्या, कफ्तान चढवले होते, मेणे मिरवले होते. इतका वेळ ती शरमेने लाल झाली होती. आता रागाने झाली.

"हा काय मेणा उचलायचा प्रकार? फर्निचर हलवताय? उंच माणसं मागे! तू, दाढीवाल्या, पुढे ये. खांदा दांड्याखाली, मान बाहेर. आणि ही अशी जाणार? माझ्या डोळ्यांदेखत?" तिने स्वतःच्या खांद्यांवरची हिरवी रेशमी शाल काढली, टाचा उंचावून बहिणीच्या डोक्यावरून टाकली, कमरेचा जरीचा पट्टा सोडून तिच्या मांडीवर फेकला. "बांध. हनुवटी वर. दात झाक, नवरी हसत नाही."

"बासष्टाव्या वर्षीही नाही?"

"माझ्या हाताखाली नाही!"

मग कल्तूमने छाती भरून घेतली आणि जीभ हलवत अशी काही लग्नाची ललकारी काढली की ढोलवाल्याचा हात चुकला. सगळ्यांना वाटलं, हाही कार्यक्रमातलाच भाग. खिडकीजवळच्या टेबलावरच्या तीन म्हाताऱ्यांनी तशीच ललकारी काढून पाहिली आणि तिघींना ठसका लागला. दुन्या टेबलाखालून निघून मेण्यापुढे नाचायला लागली. ब्राझीलच्या मुलीने तिला आपली घुंगरं दिली.

मेणा आता तळ्यातल्या होडीसारखा डुलत चालला होता. बतूल हिरव्या शालीत ताठ बसून उजवीकडे डावीकडे हात हलवत होती.

माईकवाला खाली धावत धावत म्हणाला, "आणि नवरदेव? नवरदेव कुठे आहे?"

जवादचं पाऊल अडखळलं. बुश्रा खुर्चीतून अर्धी उठली.

बतूलने खाली वाकून माईक आपल्याकडे ओढला. तिचं इंग्रजी थोडंच होतं, पण घरात रोज कानावर पडलेलं होतं.

"त्याची शिफ्ट संपली," ती म्हणाली.

सगळं हॉटेल खदखदून हसलं. चौघे तेवढे हसले नाहीत. जवादचे खांदे हलले आणि मेणा थरथरला.

"रडायचं ते खाली उतरवल्यावर!" कल्तूम कडाडली, तिचे स्वतःचे गाल ओले होते. "खांदा सरळ!"

बुश्राला हसू आवरेना. ते हसूच होतं, असं ती नंतर सांगत असे.

"कल्तूम!" वरून हाक आली.

"काय?"

"गुरुवारी तू एकटी जा!"

"काय? ऐकू येत नाही!"

"गुरुवारी! तू! एकटी जा!" आणि नेमका त्याच वेळी ढोल थांबला, त्यामुळे हे सगळ्या हॉटेलने ऐकलं. लोकांना भाषा कळली नाही, तरी त्यांनी टाळ्या वाजवल्या.

बुश्राने आनंदाने जागच्या जागी एक उडी मारली. आईने तीही वरून पाहिली.

"तू फुगू नकोस, पोरी. तुझ्याकडेही येणार नाही मी. त्या खोलीला रंगाचा वास मारतो. मी माझ्या घरी राहणार."

"एकटी?"

"एकटीला काय झालं? दारातून बस जाते. मला विचारलंत का तुम्ही दोघींनी? चार महिने नुसत्या सांगत सुटलात. चहा घे, झोप, फेसला चल, इकडे ये. म्हटलं, बोलू देत, थकतील. थकत नाही तुम्ही!"

बुश्राला रंगाच्या डब्याची आठवण झाली, त्या फिक्या निळ्या भिंतींची. तिला वाईट वाटलं, आणि त्याच वेळी आई तिच्यावर ओरडते आहे या गोष्टीने इतका हलकेपणा आला की तिने जवळच्या अनोळखी बाईचा हात धरला.

"खाली उतर," कल्तूम म्हणाली. "वर तोंड करून भांडता येत नाही मला."

"म्हणूनच उतरत नाही."

"लल्ला," जवादने धापा टाकत विचारलं, "ठेवू का?"

"एक फेरी अजून. खिडकीकडची माणसं राहिली."

कल्तूमने तोंड उघडलं. बुश्राला वाटलं, आता शिव्या. पण निघाली ती ललकारी, पहिलीपेक्षा लांब. मेणा वळला. बुश्रानेही जीभ टाळूला लावली, डोळे मिटले आणि काढायला गेली. एक कोरडा, फाटका आवाज बाहेर पडला.

"बकरा कापतेयस का?" कल्तूम चालता चालता ओरडली. "पोटातून काढ, पोरी, पोटातून!"