चोवीस फुटी पट्टा

ढब्बूला ऐकू येत नाही ही गोष्ट दडवून शिंप्याचा काय फायदा होणार होता, ते आधीच सांगून टाकतो. रोज सकाळी चाळीस मिनिटं बागेतल्या बाकावर टेकायचं, थर्मासमधला गरम चहा प्यायचा आणि आपला कुत्रा मोकळा पळताना बघायचा. बस्स. एवढ्यासाठी एक सरळमार्गी माणूस वर्षभर लबाडी करत होता. मला हे पक्कं ठाऊक आहे, कारण ती चाळीस मिनिटं मी त्याच्या मांडीवर गुंडाळी होऊन पडलेला असायचो.

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. कुत्रा फिरवायचा. जन्माने मात्र मी प्रवासी बॅगेचा खांदेपट्टा. बॅग दुरुस्तीला टाकून गिऱ्हाईक गेलं ते गेलंच. शिंप्याने दोन वर्षं वाट पाहिली आणि मग मला बॅगेपासून उसवलं. एका टोकाला पितळी हूक बसवला, दुसऱ्या टोकाला हात घालायला फास शिवला. लांबी बरोबर सहा फूट, कारण शहराचा नियमच तसा होता. रस्त्यावर कुत्रा पट्ट्याशिवाय दिसता कामा नये, आणि पट्टा सहा फुटांहून लांब असता कामा नये.

माझी जागा दाराशेजारच्या खिळ्यावर होती. हूक खिळ्यावर खणकला रे खणकला, की ढब्बू घरात असेल तिथून सुटायचा. एकदा तर तो अर्धवट शिवलेला कोट अंगावर घेऊनच आला. कोट गिऱ्हाइकाचा होता. शिंपी रागावला नाही. उलट बायकोला म्हणाला, "बघ, मापात बसतोय."

आमची बाग कुत्र्यांसाठी राखलेली होती. तिला दोन फाटकं, आणि मध्ये चारजण उभे राहतील एवढीच जागा. बाहेरचं फाटक लावल्याशिवाय आतलं उघडायचं नाही. त्या मधल्या जागेत माझा हूक सुटायचा आणि ढब्बू आत बाणासारखा निघायचा. पण मोकळं सोडायला कुत्र्याच्या गळ्यात निळा बिल्ला लागे. तो मिळण्याची अट एकच, हाक मारली की कुत्रा आला पाहिजे. हे सगळं बघायला एक बाई होत्या. गळ्यात शिट्टी असायची, म्हणून सगळे त्यांना शिट्टीबाई म्हणत.

ढब्बूच्या नवव्या वर्षी एका सकाळी माझा हूक खणकला आणि ढब्बू आला नाही. मला वाटलं, रुसला असेल. शिंप्याने मला पुन्हा वाजवलं, मग जरा जोरात. ढब्बू खिडकीशी पाठमोरा बसून रस्ता बघत होता.

"झोपलाय," शिंपी म्हणाला.

"डोळे उघडे ठेवून?" बायको आतून म्हणाली. "मालकावर गेलाय मग."

त्या दिवसापासून ढब्बूला दाराशी आणायला शिंपी मला त्याच्या नाकासमोर धरू लागला. माझ्या आवाजाला इतकी वर्षं कोणी तरी धावत येत होतं, ते संपलं. मी तेव्हा त्याच्यावर मनातून रागावलो होतो. उगाच रागावलो.

बागेत शिंप्याने युक्ती काढली. त्याच्या गळ्यात कायम पिवळी मापपट्टी असे. ढब्बूने इकडे बघायचा अवकाश, की हा पट्टीचं टोक हलवायचा आणि त्याच दमात हाक मारायचा. ढब्बू धावत यायचा.

"काय वळण लावलंय हो काका!" शिट्टीबाई म्हणायच्या. "माझ्याकडे माणसंसुद्धा एवढं ऐकत नाहीत."

शिंप्याची छाती फुगायची. मी मांडीवर गप्प. पट्ट्याला बोलता येत नाही, ही त्याची मोठीच सोय होती.

मग बागेत एक वकील येऊ लागला. नियमांवर पोट भरणारा माणूस, पण दोन फाटकं एकामागून एक लावायला त्याला वेळ नसे. एका सकाळी त्याने दोन्ही उघडी टाकली आणि ढब्बू वास घेत घेत सरळ रस्त्यावर गेला. शिंप्याने हाक मारली. मग पिवळी पट्टी डोक्यावर धरून नाचवली. पण ढब्बूची पाठ आमच्याकडे होती. शिंपी मला हातात धरून धावला. अंड्यांची एक गाडी करकचून थांबली. ढब्बूच्या शेपटीत आणि चाकात हातभर अंतर असेल. मागे दोन ट्रे फुटल्याचा आवाज आला.

गाडीवाला खाली उतरला. "अहो काका, बहिरा आहे का तुमचा कुत्रा?"

रागात कोणीही असंच बोलतं. एरवी शिंप्याने त्याला चार शब्द सुनावले असते. पण त्याने माझा हूक ढब्बूच्या गळ्यात अडकवला आणि हळूच म्हणाला, "हो."

मागे शिट्टीबाई येऊन उभ्या होत्या.

"बिल्ला पुन्हा तपासावा लागेल," त्या म्हणाल्या. "उद्या हाक मारून दाखवा. हात खिशात घालून."

"हात कशाला खिशात?"

"हाक तोंडाने मारतात म्हणून."

दुसऱ्या दिवशी शिंपी हात खिशात घालून उभा राहिला. ढब्बू झाडाचं मूळ हुंगत होता. शिंप्याने एकदा हाक मारली, दोनदा मारली. तिसऱ्यांदा नाव न घेता नुसतं "बाळा" म्हणाला, चारचौघांत. ढब्बूचा कानही हलला नाही. शिट्टीबाईंनी आपल्या वहीत नोंद केली. मग त्यांनी निळा बिल्ला काढून लाल अडकवला. लाल म्हणजे बागेतही पट्टा.

"नियम मी केलेला नाही, काका."

"तुम्ही केला असता तर वेगळा केला असता?"

"नाही," त्या म्हणाल्या. "काल ती गाडी थांबली. रोज थांबेलच असं नाही."

पुढचे तीन दिवस वाईट गेले. ढब्बू सहा पावलं जायचा, मला ताण बसायचा, तो वळून बघायचा आणि बाकाखाली येऊन पडायचा. चौथ्या दिवशी तर दोघं घराबाहेरच पडले नाहीत. बायकोने वाट पाहिली आणि म्हणाली, "अहो, चाळीस वर्षं लोकांच्या विजारी लांब करून दिल्यात. हा एवढासा पट्टा तेवढा जमेना?"

शिंपी उठला. तिच्या तीन मोठ्या पिशव्यांचे बंद आणि दुकानाच्या जुन्या कापडी छपराची पट्टी मला जोडली गेली. मी चोवीस फूट झालो.

बागेत शिट्टीबाईंनी मापपट्टी मागून घेतली आणि मला पूर्ण मोजलं. मग फाटकाजवळच्या फलकासमोर जाऊन नियम मोठ्याने वाचले. रस्त्यावर सहा फूट. बागेत लाल बिल्ल्याला पट्टा हवा. किती लांब, ते कोणी लिहिलंच नव्हतं.

"रस्त्यावर उरलेला खांद्यावर घ्या," त्या म्हणाल्या आणि तोंड फिरवून शिट्टी पुसू लागल्या. त्यांचे खांदे हलत होते.

मित्रांनो, तुमच्या घरातही कोणी तरी हाकेला येईनासं झालं असेल. ते रुसलंय असं धरून चालू नका. आधी जवळ जाऊन बघा. आणि फाटकं लावत चला, दोन्ही.

ढब्बू आता पुन्हा पळतो. परत बोलवायचं असलं की शिंपी मला दोनदा हलकेच ओढतो आणि ढब्बू वळून धावत येतो. पूर्वी तो माझ्या आवाजाला यायचा, आता माझ्या ओढीला येतो.

राहिला हिशेब. अंडी शिंप्याने भरून दिली. वकील तोवर कोर्टात पोचला होता. बायकोने तीन पिशव्या दिल्या. माझ्या अंगावर चार सांधे आले आणि रोजचा चिखल. ढब्बूने एक निळा बिल्ला सोडला तर काहीच दिलं नाही. आणि ज्या चाळीस मिनिटांच्या बैठकीसाठी सगळी लबाडी झाली, ती शिंप्याने किंमत म्हणून पुरी भरली. तो आता माझं टोक धरून ढब्बूच्या मागे बागभर चालतो. बाकावर थर्मास एकटाच बसलेला असतो, आणि चहा रोज गार होतो.