मनगटावरचा डाग

फकिराचं वागणं कमलाबाईला अलीकडे पटत नव्हतं. सख्खा धाकटा भाऊ उतई गावाहून रिसालीला तिच्या घरी येतो, मोटरसायकल बंदही करत नाही, फाटकावरूनच चूर्णाचा डबा देतो आणि निघून जातो. याला काय म्हणावं?

"बहिणीच्या घरचा चहा कडू लागणारा हाच एक भाऊ पायला मी," ती सुनेला म्हणाली.

"आई, मामाजींना धंदा आहे," मोना म्हणाली.

"धंदा मलेही होता. याले पाठीशी बांधून धानाची रोवणी केली मी."

पण भावाच्या हाताला गुण आहे, हे ती छातीठोकपणे सांगे. निरगुडी, सुंठ आणि आणखी कसला कसला पाला कुटून तो गुडघेदुखीचं चूर्ण करी. महिनाभर घेतलं की थोडा आराम पडे. गल्लीतल्या सात घरच्या बाया तिच्या शब्दावर त्याच्याकडून ते घेत.

यावेळचा डबा मात्र नवलाचा निघाला. दुपारी एक चमचा घेतला आणि संध्याकाळी कमलाबाई हुडको कॉलनीच्या बाजारात जाऊन आली, वाटेत कुठं न टेकता. त्याच पावली शेजारच्या बेबीताईकडे गेली आणि अर्धा डबा तिच्या वाटीत रिता केला. बेबीताईची किडनी नाजूक, दुखण्याच्या गोळ्या डॉक्टरनं तिला साफ बंद केलेल्या.

"यात गोळी-गिळी नाही ना बाई?"

"माह्या भावाचा पाला आहे. डोळे मिटून घे."

दुसऱ्या दिवशी भांडी घासताना कमलाबाईचं डावं मनगट जळजळायला लागलं. बांगड्या मागं सारल्या तर जुना डाग लालभडक झालेला. अंगणातली मुंगी चावली असेल म्हणून तिनं खोबरेल चोळलं आणि चूर्णाचा दुसरा चमचा घेतला. संध्याकाळपर्यंत डाग वांग्याच्या रंगाचा झाला, मधोमध फोड आला आणि ओठाच्या कोपऱ्यावर तसाच दुसरा गोल उमटला.

तेव्हा तिच्या ध्यानात आलं. हा डाग तिच्या ओळखीचा होता. दहा वर्षांमागं कंबर धरली तेव्हा एका गोळीनं तो इथंच, याच जागी उठला होता. डॉक्टरनं कागदावर गोळीचं नाव लिहून दिलं होतं, आयबुप्रोफेन, जन्मात घेऊ नका म्हणून. कमलाबाईला वाचता कुठं येतं? दुसरीतूनच शाळा सुटली. शेजारी बसलेल्या माणसानं ते नाव तिच्याकडून वीस वेळा म्हणवून घेतलं, पोराकडून पाढा घोकून घ्यावा तसं. तो माणूस फकिराच होता.

मोना तिला तशीच दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीण तरुण होती.

"अम्मा, दर्द की गोली ली है?"

"गोली नही. भाई का चूरन."

त्या डॉक्टर पोरीनं मनगट उजेडात धरलं. ज्या औषधानं पहिल्यांदा डाग उठतो, त्यानंच तो पुन्हा त्याच जागी उठतो, असं तिनं समजावून सांगितलं. अशा चूर्णात कोणी कोणी गोळी कुटून घालतात. डबा तपासायला ठेवा, पण एक कणही परत खाऊन बघू नका. ताप आला, डोळे जळले, तोंडात फोड आले, कातडी सुटली, चेहरा सुजला किंवा दम लागला तर एक घटकाही थांबू नका, सरळ इथं या. लावायला मलम दिलं आणि विचारलं, "और किसने खाया?"

कमलाबाईला बेबीताईची वाटी आठवली.

रिक्षातून उतरून ती घरी गेलीच नाही. बेबीताईच्या दारात उभी राहिली आणि उभ्या जन्मात कोणापुढं न वाकलेली मान खाली घालून म्हणाली, "ते चूर्ण दे वापस. गोळी आहे त्यात. मी तुले खोटं सांगतलं." बेबीताईनं दोन चमचे घेतले होते. ती आपल्या सुनेला म्हणाली, "पर्स आण माही, डॉक्टरकडे जातो."

निरोप पाठवल्यावर तिसऱ्या दिवशी फकिरा आला आणि यावेळी घरात आला. कमलाबाईनं मनगट त्याच्यापुढं धरलं.

त्यानं पाहिलं आणि नजर भिंतीकडे नेली. "नुसत्या पाल्यानं आता कोणाले आराम नाही पडत, बाई. लोकायले संध्याकाळपर्यंत गुण पायजे. सगळेच टाकतात."

"सगळ्यायचं मी कावून ऐकू? तो कागद कोणं वाचला होता?"

"मीनंच."

"मंग?"

"तुह्यासाठी बिनगोळीचा डबा वेगळा काढाचा होता. गडबडीत राहून गेला. मले वाटलं, एवढ्याशानं काय होते."

मोना चहा घेऊन आली होती. कमलाबाईनं हातानंच तिला थांबवलं.

"म्हणजे माह्या डब्यात चुकून गेली अन् गल्लीतल्या बायायच्या वाट्याले जाणून," ती म्हणाली, आवाज न चढवता. "ऐक फकिरा. आता उठ अन् माह्या नावावर ज्या ज्या घरी डबा गेला, त्या घरी तुह्या तोंडानं सांग, यात गोळी आहे म्हणून. सातही घरं. मी मागं उभी राहतो. भाऊबीजेले ये, ओवाळीन, भाऊ हायेस. पण तुह्या हातचं औषध माह्या जिभेवर पुन्हा नाही. आजपासून मी परक्यालेच विचारीन. ते डॉक्टर पोरगी मले वळखत नोती, तरी पयले विचारलं तिनं, काय खाल्लं म्हणून. तुले तं समदं ठाव होतं."