तेहतिसावा सेकंद

माझा फोन आठ सेकंदांत संपतो. आमच्या घरात हा विनोद जुना आहे. सासूबाई म्हणतात, हिला फोन लावायचा तर काय बोलायचं ते आधी कागदावर लिहून घ्यावं, नाहीतर मुद्द्यावर येईपर्यंत ही "बरं, ठेवते" म्हणून मोकळी. नवऱ्याने तर फोन करणंच सोडलंय, मेसेज पाठवतो. आणि माझी मोठी नणंद, जिला मी समोर वन्सं म्हणते आणि मनात बरंच काही म्हणते, ती चारचौघांत सांगते, "आमच्या वहिनीचं काम फोनचं, आणि तिला कंटाळा फोनचाच."

काम फोनचं हे खरं. तातडीच्या वैद्यकीय मदतीचं एक केंद्र आहे. लोक मोफत नंबरावर फोन करतात आणि रुग्णवाहिका पोहोचेपर्यंत काय करायचं ते नर्स त्यांना सांगत राहतात. वन्सं तिथल्या मुख्य नर्स. ते फोन ज्या सर्व्हरमधून जातात तो सांभाळते मी. त्यावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरला प्रॉक्सी म्हणतात. बाहेरून फोन आला की कुठलं टेबल मोकळं आहे ते ती बघते आणि फोन तिथे नेऊन सोडते. हे सॉफ्टवेअर खुलं आहे, कुणीही उघडावं, वाचावं, आपल्याला हवं तसं बदलावं. म्हणजे बिघडलं तर दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवायची सोय नाही.

गेल्या रविवारी दुपारी मी जुना सर्व्हर बंद करून नवा चालू केला. जुन्याची डिस्क शेवटचे आचके देत होती. नव्याची जुळणी मी तीन आठवडे घरी, जेवणाच्या टेबलावर केली होती. दोन फोन, एक यंत्र, केबलींचा गुंता, आणि सासूबाईंचं रोजचं "आज तरी ताटं ठेवायला जागा मिळेल का?" मग यंत्र केंद्रात आणलं आणि टेलिफोन कंपनीने दिलेल्या चाचणीच्या नंबरावर माझ्या मोबाइलवरून चाळीस फोन लावले. लागला, उचलला, "येतंय ऐकू? हो? ठेवा." चाळीसच्या चाळीस उत्तीर्ण. दोन वाजता कंपनीला सांगितलं, आता सगळे फोन नव्या पत्त्यावर सोडा. स्वतःवर खूश होऊन चहा घेतला आणि पिशवी आवरायला लागले.

दोन वीसला वन्सं सर्व्हरच्या खोलीच्या दारात उभ्या.

"वहिनी, फोन कापले जातायत."

"लोक घाबरून ठेवत असतील."

"सहा जण? सहाही बत्तीस सेकंदांनी?" त्यांनी छातीवर उलटं टांगलेलं घड्याळ वर करून दाखवलं. "नाडी मोजायच्या घड्याळाने मोजलेत. सहातले पाच परत लागले. ते परत कापले. सहावा परत आलाच नाही."

माझा पारा चढला. माझ्या कामाला कुणी नाव ठेवलं की चढतो, आणि वन्संनी ठेवलं की जरा जास्तच. "टेलिफोन कंपनीचा घोळ असणार," मी म्हणाले. "बोलते मी त्यांच्याशी."

"लवकर बोल. त्या पाचांतलं एक बाळंतपण आहे."

फोन करणारी बाई आणि तिची धाकटी जाऊ, घरात दोघीच होत्या, आणि जाऊ कळा देत होती. पहिलटकरीण, दिवस भरायला तीन आठवडे बाकी. पुलाची दुरुस्ती चालू होती, त्यामुळे रुग्णवाहिका वळसा घालून येणार, चाळीस मिनिटं तरी लागणार. कळा पाच मिनिटांवर आल्या होत्या.

"तिला माझ्या मोबाइलवरून लावा ना."

"लावून बघितला. तिच्या फोनच्या रिचार्जची मुदत संपलीय. आपला मोफत नंबर तेवढा लागतो, बाहेरून तिला कुणाचा फोन जात नाही. दुसरा फोन नवरे घेऊन गेलेत." आत कुठलंसं टेबल वाजलं तशा त्या धावत गेल्या.

आमच्या दोन खोल्यांच्या मध्ये काच आहे. पलीकडच्या हॉलमध्ये नऊ टेबलं. मला सगळं दिसत होतं आणि दार उघडं असल्याने ऐकूही येत होतं. फोन कापला गेला की ती बाई पुन्हा लावायची आणि प्रॉक्सी तिला जे टेबल मोकळं असेल तिथे पाठवायची. एकदा चौथ्या, एकदा आठव्या. बाकीच्या नर्स हात वर करायच्या आणि वन्सं, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्याने, त्या टेबलाकडे पळायच्या.

"ऐका ताई, कापला तरी घाबरायचं नाही, परत लावायचा. तिला डाव्या कुशीवर झोपवा. स्वच्छ टॉवेल किती आहेत घरात? आणि दाराची कडी काढून ठेवा, म्हणजे रुग्णवाहिकेची माणसं..." कापला. वन्संनी रिसीव्हरकडे नुसतं बघितलं.

टेलिफोन कंपनीचा माणूस मला म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे सगळं हिरवं आहे."

"मग फोन कापतो कोण, मी?"

"जुन्या पत्त्यावर परत न्यायचं तर अर्ज करा. उद्या सकाळी होईल."

त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग नको ते निरोप बाहेरच अडवणारी फायरवॉल उलटीपालटी केली. काही नाही. वेळेच्या मर्यादा तपासल्या. काही नाही. पलीकडून वन्संचा आवाज येत होता आणि मधेच तुटत होता. शेवटी जे पहिल्यांदा करायला हवं होतं ते केलं. प्रॉक्सीतून जाणारे-येणारे निरोप एकेक ओळीने पडद्यावर उघडले आणि पुढचा कापला जाणारा फोन सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचला.

फोन उचलला की टेबलावरचा फोन पलीकडे निरोप धाडतो, "उचलला." पलीकडून "कळलं" असं उत्तर यावं लागतं. इथे टेबलावरचा फोन "उचलला" म्हणत होता, पुन्हा म्हणत होता, दहा वेळा म्हणत होता, आणि "कळलं" येतच नव्हतं. माणसं एकमेकांशी बोलत होती, कारण आवाज वेगळ्या वाटेने जातो. पण यंत्राच्या लेखी पलीकडे कुणीच नव्हतं. बत्तीस सेकंद वाट बघून ते फोन ठेवत होतं. नियमाप्रमाणे.

"कळलं" हरवत कुठे होतं ते मला त्याच क्षणी समजलं.

प्रॉक्सीच्या सूचनांच्या फाइलमध्ये एक ओळ असते. तिचा अर्थ एवढाच, की या फोनचे पुढचे सगळे निरोपही माझ्यामार्फतच पाठवा. ती नसेल तर बाहेरचा निरोप थेट टेबलावरच्या फोनला शोधायला जातो, आणि आतल्या फोनचा पत्ता बाहेर कुणालाच माहीत नसतो. घरी जेवणाच्या टेबलावर दोन्ही फोन शेजारी होते, तिथे त्या ओळीची गरज नव्हती. पडद्यावर गर्दी नको म्हणून मी तिच्यापुढे हॅशचं चिन्ह टाकलं होतं. हॅश टाकला की सॉफ्टवेअर ती ओळ वाचत नाही. नंतर काढीन म्हटलं होतं.

फाइल उघडली. एकशे बारावी ओळ. हॅश तिथेच बसला होता.

चाळीस चाचण्यांत हे कळलं नाही, कारण चाळीसातला एकही फोन मी दहा सेकंदांपलीकडे चालू ठेवला नव्हता.

हॅश खोडला. खोडायला किती वेळ लागतो? पण बदल लागू व्हायला प्रॉक्सी बंद करून पुन्हा चालू करावी लागते, आणि बंद झाली की कुठला फोन कुठल्या टेबलावर आहे ते ती विसरते. ते डिस्कवर लिहून ठेवायची सोय आहे. ती मी उद्यावर ढकलली होती. मग टेबलांवरचे फोन आपणहून हजेरी लावतील तेव्हाच तिला कळणार, आणि ते तासातून एकदा हजेरी लावतात. नाहीतर प्रत्येकाची वायर काढून परत लावायची. फोन उठताना हजेरी लावतो, पण त्याला उठायलाच पाऊण मिनिट लागतं.

मी हॉलमध्ये गेले. "वन्सं, सापडलं. पण मला शंभर सेकंद हवेत. तेवढ्यात कुणाचाच फोन लागणार नाही."

"शंभर?" त्या घड्याळाकडे बघत होत्या. "कळा तीन मिनिटांवर आल्यात. आत्ताच घे. नंतर मला एक सेकंदही देता येणार नाही."

सहाव्या टेबलाचा फोन वाजला. वन्संनी उचलला. "ताई, आता फोन कापेल, तो लगेच लावायचा नाही. शंभर मोजायचे आणि मग लावायचा. तोवर तिचा हात धरा, तिच्याशी बोलत राहा. कळ आली तर तोंडाने श्वास सोडायला सांगा. शंभर. सांगा बरं किती?" पलीकडून बारीक आवाज आला. वन्संनी स्वतःच रिसीव्हर ठेवला. "जा."

मी पळत आत येऊन प्रॉक्सी बंद केली, चालू केली. परत पळत हॉलमध्ये. सहाव्या टेबलाची वायर काढली, लावली. बाकीच्यांना म्हटलं, तुमच्या वायरी काढून ठेवा, मी सांगेपर्यंत लावू नका. म्हणजे फोन आला तर इथेच येईल. त्या लहानशा पडद्यावर एक पट्टी सरकायला लागली. अर्ध्यात येऊन थांबली. माझ्या आयुष्यात इतक्या सावकाश काही सरकलेलं नाही. मग पुढे गेली. हिरवा दिवा लागला.

"झालं?"

"झालं."

शहाण्णव. शंभर. एकशे दहा. फोन वाजेना.

"मोजता येतं ना तिला?" मी ओरडलेच.

"घाबरलीय ती, वहिनी," वन्सं शांतपणे म्हणाल्या, पण त्यांनी माझं मनगट धरलं होतं आणि बोटं रुतत होती. "सावकाश मोजत असेल."

एकशे चाळीस. माझ्या मनात एकच, की मी चुकीची ओळ बदलली आणि उरलंसुरलंही बंद केलं.

वाजला.

"बोला ताई. डोकं दिसतंय? दिसतंय. बरं. आता मी सांगते तसंच करायचं. ओढायचं नाही, फक्त हाताने आधार द्यायचा..."

मी घड्याळ बघत होते. अठ्ठावीस. तीस. बत्तीस. वन्संचे डोळेही त्याच काट्यावर होते, पण आवाज जराही हलला नाही. तेहतीस. "...मानेभोवती नाळ आहे का बघा. आहे? सैल आहे? बोटाने अलगद डोक्यावरून काढा. घाई नाही, मी आहे इथे." चाळीस. एक मिनिट. मी बाकीच्यांना खूण केली आणि त्या वायरी लावायला लागल्या.

चौथ्या मिनिटाला मूल बाहेर आलं. रडलं नाही.

"टॉवेलने पुसा. पाठ चोळा, जोरात चोळा. तोंड पुसा. परत चोळा. ताई, रडू नका, चोळा." हॉलमध्ये कुणी हलत नव्हतं. पाच मिनिटं दहा सेकंद. वीस सेकंद. मग फोनमधून एक चिरका, रागावलेला आवाज आला आणि वन्सं खुर्चीत मागे टेकल्या. "मुलगी का? तिला आईच्या छातीवर ठेवा, वर पांघरूण घाला. नाळ कापायची नाही. आता आपण रुग्णवाहिकेची वाट बघायची. मी ठेवत नाही." तो फोन एकोणीस मिनिटं चालला.

माझा जीव भांड्यात पडला म्हणावं, तर पडला नव्हता. वन्सं सगळ्यांना सांगत होत्या, "कंपनीच्या लोकांनी गोंधळ घातला, आमच्या वहिनीने शोधून काढला." कौतुकाने सांगत होत्या. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. आणि मी मूग गिळून बसले होते.

साडेतीनला मी म्हणाले, आता प्रत्येक टेबलाची चाचणी घ्यायची, एक मिनिटाची. चाचणीचा नंबर वन्संच्या टेबलाला जोडला, मोबाइल घेऊन बाहेरच्या जिन्यात गेले आणि पहिला फोन लावला.

"हां, येतंय ऐकू," त्या म्हणाल्या. आठ सेकंद झाले. 'ठेवते' सवयीने जिभेवर आलं. "बोल की काहीतरी. मिनिटभर काढायचंय ना?"

"वन्सं, कंपनीची चूक नव्हती. माझी होती. घरी एक ओळ बंद केली आणि चालू करायची विसरले. आणि चाळीस चाचण्यांत एकदाही कुणाला तीस सेकंद बोलू दिलं नाही, म्हणून कळलं नाही. ते मूल गेलं असतं तर माझ्यामुळे गेलं असतं."

पलीकडून काहीच नाही. मोबाइलवरचे आकडे सरकत होते. एकोणतीस. एकतीस. वाटलं, आता वन्सं फोन ठेवणार, आणि ठेवला तर बरोबरच आहे. तेहतीस. चाळीस.

"सहावा माणूस अजून परत आलेला नाही," वन्सं म्हणाल्या. "आत ये. त्याला तू लावायचास."

मी त्यांच्या शेजारी बसून स्पीकरवर लावला. बराच वेळ वाजला. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उचलला. मी कोण ते सांगितलं, मगाशी फोन कापला गेला म्हणून माफी मागितली.

"असं होय," ते म्हणाले. "मला वाटलं, तुम्हीच ठेवलात. म्हटलं, कामात असतील. हिला जरा चक्कर आली होती, एवढंच. पुन्हा कशाला त्रास द्यायचा."

"आता कशा आहेत त्या?"

"बरं वाटतंय म्हणते. उजव्या हातात कप तेवढा धरता येत नाही तिला. आणि बोलणं जरा जड येतंय."

वन्संनी चुटकी वाजवली. पलीकडची नर्स रुग्णवाहिका सोडायला लागलीसुद्धा. वन्संनी कागदावर भराभर लिहून माझ्यापुढे सरकवलं. झोपवून ठेवा, डोकं जरा उंच. खायला-प्यायला काही नको. चक्कर किती वाजता आली? मी एकेक वाचून सांगितलं, त्या गृहस्थांनी एकेक केलं. मग विचारायचं संपलं.

"ठेवू का मग मी?" त्यांनी विचारलं. "तुम्हाला कामं असतील."

"नाही," मी म्हणाले. "ठेवू नका. मला काही काम नाही."

रुग्णवाहिकेला बावीस मिनिटं लागली. तेवढा वेळ मी त्यांच्याशी बोलत होते.