टॉवेलचे पंख

गब्रीएल देवदूत निरोप घेऊन स्वर्गातून निघाला त्याला एक्केचाळीस भाग झाले होते, आणि स्वारी अजून वळसंग गावाच्याच आसपास घुटमळत होती. मारियाबाईंनी त्याला कुठंकुठं अडकवलं नाही! श्रीपूरच्या उसात सात डोक्यांचा अजगर उठवला, तलवारवाल्या मीखाएल देवदूताशी त्याचं भांडण लावलं, एक अख्खा भाग तर पंख वाळत घालण्यात घालवला. पंख टॉवेलचे होते ना.

मोबाइलवरच्या कथांच्या अ‍ॅपवर मारियाबाईंची ही कादंबरी दोनेकशे माणसं वाचत आणि त्या पंखांना हसत. बाईंनी ते मनानं रचले नव्हते. त्यांचे यजमान शमुवेल टॉवेलच्या कारखान्यात मागावर कामाला होते, आणि चर्चच्या नाताळच्या नाटकात सव्वीस वर्षं गब्रीएल तेच. पंख कारखान्याच्या टॉवेलांचे, बाईंनी शिवलेले. गुडघा दुखरा, आवाज खणखणीत आणि पाठांतराच्या नावानं शंख! नाटकातल्या मरीयेसमोर निरोप द्यायला उभे राहिले की पहिलंच वाक्य विसरत. मग पडद्याआडून बाई सांगत, "भिऊ नकोस!" आणि देवदूत गरजे, "भिऊ नकोस!" मागच्या रांगेपर्यंत दोन्ही ऐकू जात.

दीड वर्षापूर्वी शमुवेल गेले. तीस वर्षं नर्स म्हणून बाईंनी परक्या माणसांचे शेवटचे शब्द ऐकले, आणि घरच्या माणसाच्या वेळी त्या औषधांच्या रांगेत उभ्या. धावत परत आल्या तर शेजारच्या खाटेवरचे ईश्वरप्पा म्हणाले, "तुमास्नी हाक मारत हुते. कायतरी सांगायचं हुतं की त्यांना." काय, ते त्यांनाही कळलं नव्हतं.

तेव्हापासून भवानी पेठेतल्या दोन खोल्यांत बाई आणि तो न ऐकलेला निरोप. म्हणून तर लिहायला घेतलं. गब्रीएल वाटेत आहे तोवर कुणीतरी आपल्याकडे येतंय, एवढं तरी म्हणता येई.

मग एका दुपारी गुलबानोचा अभिप्राय आला. ही शिवणकाम करणारी वाचक एकही भाग चुकवत नसे. तिनं लिहिलं होतं, "मारियाबाई, आमच्यात त्यांना जिब्राईल म्हणतात. निरोप दिला की गेले, असं काम त्यांचं. तुमचे लई दिवस फिरायलेत की. थकले असतील. निरोप तरी काय हाय?"

बाईंना आधी रागच आला. हिचं काय जातंय! मग रडू आलं. निरोप ठाऊक असता तर एक्केचाळीस भाग कशाला लिहिले असते?

जेवण तसंच झाकून त्या लिहायला बसल्या. गब्रीएल भवानी पेठेत आला. गुडघा धरत जिना चढला, दारात उभा राहून त्यानं पंख सावरले. बाईंनी त्याच्या तोंडी मोठमोठी वाक्यं घालून पाहिली, स्वर्गाची, प्रीतीची, पुन्हा भेटण्याची. सगळी खोडली. शमुवेल असलं काही बोलायचेच नाहीत. शेवटी त्यांनी खरं तेच लिहिलं: देवदूतानं तोंड उघडलं आणि तो वाक्य विसरला. ओशाळून दार उघडणाऱ्या बाईकडे बघत राहिला.

"भिऊ नकोस," रिकाम्या खोलीत बाई मोठ्यानं म्हणाल्या. आणि आता तो गरजेल म्हणून सवयीनं थांबल्या.

पंखा तेवढा फिरत होता. मग ते वाक्य त्यांनी स्वतःच देवदूताच्या तोंडी टाइप केलं, खाली 'समाप्त' लिहिलं आणि गब्रीएलला जाऊ दिलं.