हाताला गार लागलेलं औषध

मी औषधांच्या थंड पेटीतला सेन्सर बोलतोय. दिसायला काडेपेटीएवढा. पेटी कुठवर पोचली आणि आत किती थंडावा आहे, हे मी सतत काचीगुड्याच्या ऑफिसात योगिनीच्या स्क्रीनवर कळवत असतो. कुठलं औषध कुठं जाईल, हे तीच ठरवते.

शहराबाहेरच्या कारखान्यात माझा जन्म झाला. मी येण्याआधी पेटी दाराबाहेर पडली की वाटेत तिचं काय होतं, कुणाला ठाऊक नसे. ड्रायव्हर हणमंतराव मात्र मला पाहून खट्टू झाले. "एवढी वर्षं माल पोचवला, आता माझ्यावर पहारा?" मला फार ओशाळल्यासारखं झालं.

गेल्या उन्हाळ्यात ऋचा नावाच्या चिमुरडीच्या गालाला पिसाळलेला कुत्रा चावला. जखमेत टोचायचं औषध दिलसुखनगरच्या दवाखान्याला तातडीनं हवं होतं. हणमंतराव पेटी घेऊन निघाले, आणि चादरघाटापाशी गाडी भर उन्हात बंद पडली. पेटीच्या झाकणाचं रबर सैल झालेलं. बर्फाचं पाणी झालं. मी योगिनीला लाल इशारा धाडला.

तिचा लगेच फोन आला. "काका, औषध तापलंय. ते देऊ नका."

हणमंतरावांनी कुपी तळहातावर धरली. "हाताला तर गार लागतंय, अम्मा. पोरीचा बाप परेशान झालाय. रिक्षानं घेऊन जातो की."

"नक्को काका! टोचलं आणि लागू पडलं नाही तर? हा आजार एकदा जडला की माणूस हाती लागत नाही."

त्यांनी कुपी परत पेटीत ठेवली. योगिनीनं स्क्रीन धुंडाळली. मोटारसायकलवरून चिक्कडपल्लीकडे निघालेल्या एका पेटीत तेच औषध होतं, आणि माझा तिथला भाऊबंद 'सगळं थंड आहे' असं सांगत होता. तिनं ती मोटारसायकल तिथूनच दिलसुखनगरला वळवली.

रस्त्याकडेला उभं राहून हणमंतरावांनी ऋचाच्या बापाला फोन लावला. "थोडा उशीर होईल, भाऊ. पण चांगलं औषध येतंय. माझ्याजवळचं बिघडलं." असं सांगायला केवढं धैर्य लागतं!

ऋचा बरी झाली. ती शाळेत जायला लागल्याचं कळलं तेव्हा हणमंतराव योगिनीसमोर येऊन बसले. "मी तेच दिलं असतं गं," एवढंच बोलले.

आता माझी बॅटरी संपत आलीय. उद्या माझ्या जागी नवा येईल, माझ्याहून हुशार. माझं एवढंच ऐका : त्यानं वाईट बातमी दिली, तर त्याच्यावर रागावू नका. पेटी माघारी वळवा.