जगदेवीचं परकं माणूस

जगदेवीच्या सासूबाई इरम्मा जाताना सुनेच्या हाती दोन गोष्टी देऊन गेल्या. एक, शेंगाच्या पोळीचं सारण कडेपर्यंत नेण्याचा हात. आणि दुसरी, दासोहाचं व्रत. व्रत साधंच होतं. सकाळी आंघोळ, इष्टलिंगाची पूजा, कपाळी विभूती, आणि मग एका परक्या माणसाला चार घास घातल्याशिवाय आपण घास घ्यायचा नाही. परकं म्हणजे अगदी परकं. ज्याचं नाव-गाव कळलं तो पाहुणा झाला, आणि पाहुण्याला जेवू घालणं ही रीत झाली, व्रत नव्हे. हे इरम्मांनी बजावून सांगितलं होतं.

अडचण व्रताची नव्हती, येडशीची होती. इकडं माणूस समोर आला की त्याला गाव विचारायचं, गावावरून आडनाव, आडनावावरून आईचं माहेर. तेवढ्यात तो कुणाचा तरी साडू निघतोच. जगदेवी बोलायची हळू, पण विचारल्याशिवाय राहायची नाही. ताट वाढून झालेलं असायचं, माणूस पोळीचा तुकडा मोडणार, तोवर तो तिच्या नणंदेच्या दिराचा मेहुणा झालेला असायचा. मग त्याला पोटभर जेवू घालायचं, वर पानसुपारी द्यायची, आणि पुन्हा परकं माणूस शोधायला निघायचं.

म्हणून ती डबा घेऊन रेल्वे स्टेशनवर जायची. खिडकीतून पोळी दिली, समोरच्यानं घास घेतला, आणि जगदेवीनं तोंड उघडेपर्यंत गाडी हलली की झालं. व्रताला रेल्वेइतकी मदत घरातल्या कुणी केली नव्हती.

पण मागच्या महिन्यात ती उपाशीपोटी ओट्याजवळ चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी साखर निघाल्याचं सांगितलं आणि वेळेवर जेवा म्हणाले. तिचे यजमान महांतप्पा अडत दुकानात जन्म घालवलेले, सौदा पक्का केल्याशिवाय उठणारे नव्हते.

"बारा वाजेपर्यंत तुझं परकं माणूस जेवलं तर ठीक," ते म्हणाले. "ज्या दिवशी बारा टळले त्या दिवशी व्रत संपलं. तू जेवायचं, आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्यासंगट न्याहरीला बसायचं. कबूल?"

जगदेवीनं गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावून कबूल म्हटलं. लिंगाला हात लावून दिलेला शब्द फिरत नाही.

आणि त्या रविवारी गाडी रद्द झाली.

महांतप्पांनी स्कूटी काढली आणि तिला रामलिंगला आणलं. रविवार म्हणजे देवळात गर्दी, गर्दीत परकं माणूस मिळेलच, असा त्यांचा हिशेब. पायऱ्यांशी नारळ विकणारा शंभू माकडांवर काठी उगारून बसला होता. त्यानं डबा बघितला आणि ओळखलं.

"काकू, आज अवघड हाय. त्या गाडीतली मुरूडची, तुमच्या धाकट्या जावेच्या माहेरची. हिकडची कळंबची, ह्या अण्णांचं गिऱ्हाईक. आन् तो टोपीवाला..."

"तो कोण?"

"माझ्या सासऱ्याचा भाऊ."

महांतप्पांनी घड्याळ बघितलं. शंभूलाही वाईट वाटलं असावं, कारण तो उठून जवळ आला.

"लईच परकं पायजे ना? मग त्या पायवाटेनं वर जावा. धावड्याच्या झाडाखाली आफ्रिकेची बाई बसलीय. दर रविवारी येती. एवढं परकं माणूस तुम्हाला उभ्या जन्मात घावायचं न्हाय."

"आफ्रिकेची कशावरून?" महांतप्पांनी विचारलं.

"आता अण्णा, रंग दिसतोय, केस दिसत्यात. म्या विचारलं बी, कुठल्या देशाच्या म्हणून. तर म्हणली, हितलीच. चेष्टेखोर हाय जरा."

जगदेवी रामलिंगला किती वेळा आली होती ते त्या रामलिंगालाच ठाऊक. पण देवळापासून वर तिनं कधी पाऊल टाकलं नव्हतं. जंगल म्हणजे देवाला जाताना दोन्ही बाजूंना असतं ते, एवढीच तिची समजूत. आता पदर खोचून ती चढू लागली. पाचोळा वाजत होता. मागून महांतप्पा दबक्या आवाजात सांगत होते.

"काही विचारायचं नाही. गाव नाही, नाव नाही. पोळी द्यायची, घास तोंडात गेला की मग काय विचारायचं ते विचार."

"कळतंय की मला."

"दर वेळेला कळतंयच तुला."

झाडाखाली पंचविशीतली एक मुलगी पाय पसरून बसली होती. काळीभोर, केस बारीक कुरळे, पायात धुळीनं भरलेले बूट. ती वर कुठंतरी फांदीकडं बघत होती. पावलं वाजली तशी तिनं मागं न वळताच म्हटलं, "फोटो नको."

मराठी स्वच्छ होतं. महांतप्पा थबकले.

"फोटो न्हाय, पोळी," जगदेवी म्हणाली आणि डबा उघडून पुढं धरला.

मुलीनं डब्यात बघितलं. तिच्या तोंडून एकदम निघालं, "शेंगा होळिगे."

हे कन्नड होतं. जगदेवीच्या माहेरचं कन्नड. सोलापूरच्या पलीकडं, आळंदच्या बाजूला तिच्या आईच्या स्वयंपाकघरात बोलायचे तसलं. आता हे कुणालाही आवरलं नसतं, असं ती पुढं बरेच दिवस सांगायची.

"यावूरु?" तिनं विचारलं. कुठलं गाव.

महांतप्पांनी कपाळाला हात लावला.

"हल्याळ तालुका," मुलगी म्हणाली. पोळी तिच्या हातातच होती. "आम्ही सिद्दी. आमचे पूर्वज कधीकाळी आफ्रिकेतून आले. मी कळंबला बँकेत आहे, बदलीवर."

"हल्याळला माझी धाकटी बहीण दिलीय."

"जगदेवी," महांतप्पा म्हणाले.

"थांबा हो. तिच्या रानाला लागून सिद्द्यांची घरं हैत. बहिणीचं पहिलं बाळंतपण आडलं, गाडी मिळेना, तवा शेजारच्या गिरिजानंच सोडवलं तिला. पोरगं अजून तिला आवय म्हणतंय, म्हंजे आई."

"गिरिजा माझी आत्या," मुलगी म्हणाली.

झालं. महांतप्पा एका दगडावर बसले आणि घड्याळ उतरवून खिशात ठेवलं.

मुलीचं नाव शिवानी. ती हसत नव्हती, पण तिनं पाय जवळ घेतले आणि शेजारचा पाचोळा हातानं बाजूला करून जगदेवीला जागा दिली. कळंबच्या खोलीतून पाण्याची टाकी दिसते, ती म्हणाली. झाडांत वाढलेल्या माणसाला आठवड्यातून एकदा तरी झाड लागतं. म्हणून इथं. पण इथं आलं की लोक देश विचारतात, केसांना हात लावू का म्हणतात, आमचं जंगल आवडलं का म्हणतात.

"आणि तेवढं विचारून गाडीत बसतात. वर कुणी येत नाही. तेवढं बरं आहे." मग तिनं विचारलं, "तुम्ही नाही घेत पोळी, मावशी?"

जगदेवीनं व्रत सांगितलं. बाराचं सांगितलं. शब्द दिल्याचंही सांगितलं. शिवानीनं सगळं नीट ऐकून घेतलं, बँकेत ऐकतात तसं.

"मग मी परकी म्हणून खाते," ती म्हणाली. "मला सवय आहे."

महांतप्पांनी मान वर केली. दहा मिनिटं अजून होती, हे त्यांना घड्याळ न बघता कळत होतं. हिचं व्रत बंद पडावं असं वरवर म्हणत असले तरी, रोज सकाळी डबा भरताना तिचा चेहरा कसा असतो ते त्यांनी पाहिलं होतं.

"घे की," ते हळूच म्हणाले. "पोरगी स्वतःच म्हणतीय. देव काय तलाठी आहे का, चौकशी करायला?"

जगदेवीनं इष्टलिंगावर हात ठेवला. तिनं डब्याचं झाकण लावलं.

"गिरिजाची भाची परकी कशी? लिंगाला काय सांगू?" ती शिवानीला म्हणाली. "तू खा लेकी. पण घरची म्हणून खा. माझं व्रत गेलं तर जाऊ दे. सासूबाईंना मी सांगते काय सांगायचं ते."

शिवानीनं पोळीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. खाली देवळात कुणीतरी घंटा वाजवली.

मग पायवाटेवर धापा टाकण्याचा आवाज आला. गॉगल, पांढरे बूट, हातात मोबाइल लावलेली काठी. खालच्या शंभूनं दिशा दाखवलेली दिसत होती.

"एक्सक्यूज मी मॅडम," तो शिवानीला म्हणाला, "वन सेल्फी?"

महांतप्पा दगडावरून उठले. शिवानी त्याच्याकडं बघत होती आणि जगदेवी डब्याकडं. जगदेवीनं झाकण काढलं.

"आधी ही पोळी खा," ती म्हणाली.

"नको, मावशी, मी तर इथलाच, माझं गाव..."

"गाव राहू द्या," महांतप्पांनी त्याच्या हातात पोळी कोंबली. "नाव बी राहू द्या. खा."

"अहो, पण माझे वडील..."

"खा म्हणते ना," जगदेवी म्हणाली. एवढ्या मोठ्यानं ती महांतप्पांशीही कधी बोलली नव्हती.

त्यानं घाबरून घास घेतला. मग दुसरा. पोळी चांगलीच होती. चार घास होईपर्यंत कुणी त्याला बोलू दिलं नाही. महांतप्पांनी खिशातून घड्याळ काढलं, बाराला दोन मिनिटं कमी आहेत हे बघितलं, आणि मनगटावर बांधलं. जगदेवीनं शिवानीच्या हातातला तुकडा घेतला, अर्धा तिच्या तोंडात घातला, अर्धा आपल्या.

"ह्या मॅडम कुठल्या देशाच्या?" त्या माणसानं हात पुसत विचारलं.

"आमच्यातल्या हैत," जगदेवी म्हणाली.

तो पुन्हा आपलं गाव सांगू लागला. त्याला ते फार सांगायचं होतं. पण जगदेवीनं विचारलं नाही. गाव नाही, आडनाव नाही, आईचं माहेर नाही. तिला हे जमतं, हे महांतप्पांना तेव्हा पहिल्यांदा कळलं.

"जंगल आवडलं का आमचं?" शिवानीनं त्याला विचारलं.

"हो," तो म्हणाला, आणि सेल्फी न काढताच खाली उतरला.

जाताना जगदेवीनं उरलेल्या पोळ्या शिवानीच्या पिशवीत घातल्या. रविवारची गाडी आता महिनाभर नाही, असं सकाळी स्टेशनवर सांगितलं होतं.

"असले दर रविवारी येतात," शिवानी म्हणाली. "तुम्ही पोचेपर्यंत एखादा धरून ठेवते."

जगदेवीनं मान डोलावली. "पण बाई, त्याला काही विचारू नको."