तळाचा लाल रंग

बोटीतलं पाणी उपसून माझे खांदे भरून आले होते आणि वर धक्क्यावर दोघं भाऊ वाद घालत होते. हे म्हणायचे, "ओळंब्याला विचारू या का?" आणि भाऊजी म्हणायचे, "त्यानंच तर वाटोळं केलं, दादा."

ओळंबा म्हणजे आमचा इंजिनमिस्तरी, ह्यांचा लहानपणचा सोबती. काम गवंड्याच्या ओळंब्यासारखं सरळ, म्हणून लोकांनी नावच ते पाडलं. आमचं इंजिन त्यानंच बसवलं होतं, तेही बोट पाण्यात सोडून. जमिनीवर टेकवलेली बोट पाण्यात गेली की तिचं अंग जरा बदलतं. म्हणून इंजिन आणि बोट ढकलणाऱ्या पंख्याचा शाफ्ट, म्हणजे दांडा, एका रेषेत आणायचे ते पाण्यातच, असा त्याचा हट्ट.

मग हे तापानं पडले आणि भाऊजी एकटेच बोट नेऊ लागले. बरे होऊन हे बोटीवर चढले, तर इंजिनावर ठेवलेला चहाचा पेला थरथरत कडेला जाऊन खाली पडला. शाफ्ट बाहेर जातो त्या भोकातून पाणी आत यायला लागलं. "ओळंब्याचा हात गेला आता," भाऊजी म्हणाले. ह्यांनी तेच वाक्य भरल्या धक्क्यावर ओळंब्याच्या तोंडावर टाकलं. त्या दिवसापासून त्याला कुणी कामाला बोलावलं नाही.

हे भावाचंच ऐकणार. हे अंथरुणावर असताना भाऊजींनी बोट पलीकडच्या गावात नेऊन वर ओढून घेतली, तळाला लाल रंग दिला आणि न सांगता परत आणली. "भाऊ असावा तर असा," म्हणत हे महिनाभर मिरवले. भाऊजींच्या शर्टावरचे त्या रंगाचे डाग मी रॉकेलनं चोळून काढले. कौतुकानं काढले, खोटं कशाला सांगू.

तर मी पाणी उपसत होते त्या दिवशी ओळंबा न बोलावताच आला. फळीवरून बोटीत उतरला, मागोमाग हे दोघं उतरले, आणि तो माझ्याकडे बघून म्हणाला, "वहिनी, बादली ठेवा जरा. ह्याला सांगा, कपलिंगचे बोल्ट काढ म्हणावं."

"मी इथंच आहे की," हे म्हणाले.

"असशील. मी वहिनींशी बोलतोय."

भाऊजी मध्ये पडले. "दादा, उगाच उघडू नकोस. मी दुसऱ्या मिस्तरीला सांगितलंय."

"त्याच्यासाठी उघडं मिळेल मग," ओळंबा म्हणाला. "त्याचे कष्ट वाचले."

ह्यांनी बोल्ट काढले. कपलिंगच्या, इंजिनाची एक आणि शाफ्टची एक, अशा दोन लोखंडी चकत्या समोरासमोर आल्या. ओळंब्यानं खिशातून फट मोजायच्या पातळ पोलादी पट्ट्यांचा जुडगा काढला आणि ह्यांच्या हातात दिला. स्वतः कशालाच हात लावला नाही. "माप तूच. नंतर म्हणशील, ओळंब्यानं हातचलाखी केली."

हे पट्टी सरकवत गेले. वर घट्ट, खाली मात्र जाडशी पट्टी सहज गेली.

"बघ," भाऊजी म्हणाले. "खाली फट. इंजिन वाकडं बसवलंय."

"असेल," ओळंबा म्हणाला. "शाफ्टच्या चकतीवर खाली, फट आहे तिथं खडूनं रेघ मार. आता शाफ्ट हातानं अर्धा फिरव, इंजिन जागच्या जागी राहू दे. इंजिन वाकडं असेल तर फट खालीच राहील. शाफ्ट वाकडा असेल तर फट रेघेबरोबर वर जाईल."

ह्यांनी दोन्ही हातांनी शाफ्ट वळवला. रेघ वर आली. खाली पट्टी लावली, शिरेना. वर लावली, सहज गेली.

पुन्हा फिरवला. फट पुन्हा रेघेबरोबर गेली.

"शाफ्ट बसल्या जागी वाकत नाही," ओळंबा म्हणाला. "पंखा कशावर तरी आदळलाय."

 ह्यांनी बोटीच्या मागून बाहेर वाकून, बाही भिजवत, पाण्याखाली पंख्याचं एकेक पातं चाचपलं. "ह्या पात्यावर हातोड्याच्या खुणा लागतायत," ते भावाकडे न बघता म्हणाले. "रंग द्यायला नेली होतीस ना?"

"खडक दिसला नाही रे, दादा. तू आजारी होतास. पातं सरळ करून घेतलं, तळाच्या ओरखड्यांवर रंग दिला, वाटलं झालं ठीक. सांगणारच होतो."

"आणि ह्याच्याबद्दल मला बोलायला लावलंस ते?"

भाऊजी माझी बादली उचलून पाणी उपसायला लागले. माझ्या बोटांना तो रॉकेलचा वास पुन्हा आल्यासारखा वाटला.

ओळंब्यानं पट्ट्या पुसून खिशात ठेवल्या. "धक्क्यावर बोलला होतास, धक्क्यावरच परत घे," म्हणाला आणि वर चढला.

ह्यांना ते जड गेलं. ओळंब्याची अब्रू परत द्यायची तर घरातली काढून द्यायला लागणार होती. तरी गेले. जाळी विणणाऱ्यांसमोर उभे राहून म्हणाले, "इंजिन ह्यानं बरोबर बसवलं होतं. शाफ्ट नंतर वाकला."

"कुणी वाकवला?" एकानं विचारलं.

"मी तेव्हा तापात होतो," हे म्हणाले. पुढचं सांगायची गरज पडली नाही. सगळ्यांच्या माना आमच्या बोटीकडे वळल्या.

नवा शाफ्ट आला तेव्हा बसवायला ओळंबाच आला. हे पट्टी घेऊन बसले, भाऊजी शाफ्ट फिरवायला. दोघांच्या मध्ये हातभर अंतर.

"त्याला सांग, पाव वेढा फिरव," हे ओळंब्याला म्हणाले.

भाऊजींनी ऐकलं होतं. तरी हात शाफ्टवर ठेवून ओळंब्याच्या तोंडाकडे बघत बसले.

"पाव फिरव," ओळंबा म्हणाला, आणि मग त्यांनी फिरवला.

फट सगळीकडे सारखी आली. बोट आता पेल्यातला चहा हलू देत नाही. घरात दोघा भावांमधले निरोप मात्र अजून मीच पोचवते, दोघांना एकाच पातेल्यातून वाढताना.